जमील ६४० के आणि त्याचं अर्धं गाणं

आमच्या क्लासमधले कीबोर्ड आम्ही वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, उलटे करून झटकायचो. त्यातून काय काय पडायचं! चिवड्यातले शेंगदाणे, पेन्सिलीची टोकं, स्टेपलरच्या पिना, एकदा तर कानातलं बारीकसं फूल. मुद्दाम कोणी ठेवलेलं नसायचं. रोज बोटं चालत राहायची आणि खाली आपोआप साठत जायचं. जमीलचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. आज बसलोच आहोत, तर झटकतो.

आधी ओळख. चिमूरला बस स्टँडच्या मागच्या गल्लीत नाकाडे सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. नव्व्याण्णव-दोन हजारचा काळ. चार मशीन. तीन चालू आणि चौथं ‘डेमो’साठी, म्हणजे बंद! मी तिथं फॅकल्टी. झाडूसुद्धा मीच मारायचो, पण बोर्डावर नाव ‘फॅकल्टी’ म्हणूनच. जमील आधी विद्यार्थी म्हणून आला, कोर्स संपला तरी गेला नाही, शेवटी सरांनी त्यालाही शिकवायला ठेवून घेतलं. त्याचे अब्बा पिंजारी. गाद्या-रजया भरायचे. सगळं चिमूर त्यांना चाचा म्हणायचं.

आणि जमील रॅप करायचा.

नागपूरच्या मामेभावानं त्याला एक कॅसेट दिली होती, कोण्या अमेरिकन गायकाची. त्यातला एक शब्द जमीलला कळला नाही. तरी तो तीन दिवस तेच ऐकत होता. चौथ्या दिवशी मला म्हणाला, "गजूभाऊ, हा गडी गाऊन नाई राह्यला, बोलून राह्यला. सुराचं काई कामच नाई! मंग हे मलेबी जमते."

"बोलशील कशावर?"

"कॉम्प्युटरवर."

"अरे, लोक प्रेमावर गाणे लिहितेत."

"प्रेमातलं मले काई समजत नाई. डॉस समजते."

आता इंटरनेटवर वाचतो, तर अशा गाण्यांना ‘नर्डकोर’ असं नाव आहे म्हणे. जगभर पोरं करतात. आम्हाला तेव्हा वाटायचं, असा येडा जगात एकच आहे आणि तो नेमका आमच्या वाट्याला आलाय!

* * *

स्टेजसाठी त्यानं नाव घेतलं ‘जमील ६४० के’. का, तर डॉसला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामला, तेवढीच किलोबाइट मेमरी असते. "मलेबी तेवढीच हाय," तो म्हणायचा.

पेंटरनं बॅनर रंगवला. बॅनर लागल्यावर दोन दिवस लोक क्लासमध्ये येऊन विचारत होते, "६४० कशाचे?" नाकाडे सर वैतागले. तिसऱ्या दिवशी एक म्हातारे आले, त्यांनी तेच विचारलं, तर सर म्हणाले, "किलो!"

म्हाताऱ्यांनी जमीलला खालून वरपर्यंत पाहिलं. पोराचं वजन पन्नासच्या वर नसेल. "पहिले असन," म्हणाले आणि निघून गेले.

* * *

जमील गाणी लिहायचा तीसुद्धा प्रोग्रामसारखी. प्रत्येक ओळीला नंबर. पण एक, दोन, तीन असे नाही. दहा, वीस, तीस! कारण बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत आम्ही तसंच शिकवायचो. उद्या दहा आणि वीसच्या मधे काही सुचलं तर पंधरा नंबर घालायला जागा पाहिजे.

एकदा त्याच्या गाण्याचा कागद चुकून विद्यार्थ्यांच्या असाइनमेंटमध्ये गेला. नाकाडे सर तपासायला बसले. सर मोठे इमानदार माणूस. त्यांनी पूर्ण गाणं मशीनवर टाईप केलं आणि रन केलं. ‘सिंटॅक्स एरर इन टेन’. दहा दुरुस्त केली, तर वीसमध्ये एरर. वीस दुरुस्त केली, तर तीसमध्ये. दुपारपर्यंत सर घामाघूम! शेवटी कागदावर लाल पेनानं शेरा मारला: ‘लॉजिक चांगले आहे. पण चालत नाही. दहापैकी तीन.’

जमीलनं तो शेरा वाचला आणि शांतपणे म्हणाला, "सर, ते माणसावर चालवाचं हाय."

* * *

पहिला प्रोग्राम गावातल्याच एका शाळेच्या गॅदरिंगमध्ये. नाचांच्या मधे पाच मिनिटं मिळाली होती. कपडे बदलायला पोरींना वेळ लागतो, तेवढ्यात जमीलला उभं करायचं, असं ठरलं.

गडी उभा राहिला. गाणं जोरात सुरू झालं. विषय फ्लॉपी. पोरं टाळ्या द्यायला लागली. शेवटची ओळ आली. आणि जमील परत पहिल्या ओळीवर गेला! वाटलं, वन्स मोअर असेल. दुसऱ्यांदा संपत आलं, परत पहिल्या ओळीवर. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. विंगेत नाचाच्या पोरी घागरे धरून उभ्या. हेडमास्तर घड्याळ दाखवतायत. जमीलचा श्वास फुलला, मान लाल झाली, पण थांबायचं नाव नाही!

मी विंगेतून त्याचा कागद पाहिला. शेवटी लिहिलं होतं, ‘१२० गोटू १०’. म्हणजे दहावर परत जा. किती वेळा, ते लिहिलंच नव्हतं. ‘एंड’ लिहायलाही विसरला होता!

दुसरा कोणी असता तर थांबला असता. हा नाही. कागदावर लिहिलंय ना, मग तसंच. अकराव्या फेरीला मी माईकची पिन ओढली.

बाहेर आला तो माझ्यावरच चिडला. "मधात काऊन तोडलं?"

"मधात? अरे, त्याले शेवट कुठी होता?"

त्यानं माझ्या हातातून कागद घेतला. मग म्हणाला, "गजूभाऊ, मले नाव नाई पायजे, पैसा नाई पायजे. एक गाणं पायजे. पहिल्या ओळीपासून तं शेवटच्या ओळीपर्यंत. आन समोरचा माणूस उठला नाई पायजे. बस."

मला हसू आलं. केवढीशी मागणी! त्या दिवसापासून तो प्रत्येक गाण्याच्या खाली लाल पेनानं ‘एंड’ लिहायला लागला. पण तिथपर्यंत पोचू देणारं कोणी भेटेल तर ना.

* * *

आलापल्लीचा किस्सा तर मी लग्नकार्यात हमखास सांगतो.

तिथं जंगल खात्याच्या कर्मचाऱ्यांचा कसलासा स्नेहमेळावा होता. नाकाडे सरांच्या ओळखीनं जमीलला बोलावणं आलं. जमीलनं विचार केला, लोक जंगलातले आहेत, तर झाडावरचं गाणं म्हणू. त्याच्याकडे होतं. बायनरी ट्रीचं. कॉम्प्युटरमध्ये माहिती कशी फांद्या-फांद्यांनी लावतात, त्यावर. समजायला सोपं जावं म्हणून त्यानं मोठ्या कागदावर आकृती काढून नेली. आता जे हे शिकलेत त्यांना माहीत आहे, त्या झाडाचं मूळ वर काढतात आणि पानं खाली.

गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला पहिल्या रांगेतले एक वनरक्षक उठले, स्टेजवर आले, कागद उलटा करून नीट लावला आणि जाऊन बसले. चूक दुरुस्त केल्याचं समाधान चेहऱ्यावर!

जमीलनं गाता गाताच कागद पुन्हा फिरवला.

वनरक्षक पुन्हा आले, पुन्हा फिरवला. जमीलनं परत. तिसऱ्या वेळी दोघांनी दोन टोकं धरली. खाली हशा सुरू झाला. शेवटी एक रिटायर झालेले फॉरेस्टर साहेब उभे राहिले. साहेब म्हणाले, "बाबू, मी चाळीस वर्षं सागवान मोजला. वर मूळ असलेलं झाड या डिव्हिजनमध्ये नाई. तुझ्या झाडाले पाणी कुठून देतेत?"

जमील म्हणाला, "वरून, साहेब. पाणी वरूनच येते ना?"

साहेबांनी वर मंडपाच्या छताकडे पाहिलं. मग खाली बसले. पण तेवढ्यात सूत्रसंचालकानं जेवणाची घोषणा केली आणि अख्खा मंडप रिकामा झाला. गाण्याच्या चार ओळी राहिल्या होत्या. येताना जीपमध्ये जमील त्या चार ओळी खिडकीबाहेरच्या सागवानाला ऐकवत होता. मी होतो ना बाजूला, पण मला श्रोत्यांत मोजायला तयार नव्हता. "तुम्ही क्लासचे," म्हणाला.

* * *

मग कॅसेट काढायचं ठरलं. स्टुडिओ नागपूरला, परवडणारं नव्हतं. पण जमीलचं डोकं! अब्बांच्या दुकानात दुपारी दोन ते चार या वेळात गाद्यांच्या थप्प्या लागलेल्या असायच्या. चारी बाजूंनी गाद्या रचल्या, वर रजई टाकली, आत टेपरेकॉर्डर आणि जमील. बाहेरचा चकार आवाज आत नाही! मी आत जाऊन पाहिलं. स्वतःच्या छातीतले ठोके ऐकू येत होते. आणि उकाडा असा की पाच मिनिटांत शर्ट पिळून घ्यावा.

फक्त एक भानगड होती. लग्नसराई होती. म्हणजे स्टुडिओच्या भिंती विकाऊ होत्या!

तिसरं गाणं रंगात आलंय आणि बाहेरून चाचांचा आवाज, "जमील, गाना बाद में! गिऱ्हाईक खडा है. वो डबल बेडवाली निकाल." गेली भिंत! ती कॅसेट माझ्याकडे अजून आहे. ‘ए’ साईडचं तिसरं गाणं लावा. जमील हार्ड डिस्कवर बोलतोय, आवाज एकदम स्वच्छ, आणि मधेच फस्सकन चिमूरचा बाजार आत येतो. बसचा हॉर्न, एक बकरी आणि एक बाई स्पष्ट विचारतेय, "कापूस नवाच हाय ना?"

मी म्हटलं, "पुन्हा रेकॉर्ड कर."

"भिंत परत येणार हाय का?" जमील म्हणाला. "राहू द्या. निदान गाणं थांबलं नाई."

खरंच नव्हता थांबला. बाई विचारतेय, हा बोलतोय.

* * *

त्या कॅसेट आम्ही डबल डेक टेपवर एकेक करून कॉपी केल्या. कॅसेटवाल्या दुकानदारानं त्या कुठं ठेवाव्या? शैक्षणिक विभागात! पाढे आणि इंग्रजी बोला यांच्या मधे. जमील रुसला. पण झालं असं की आमच्या क्लासची पोरं त्या ऐकून अभ्यास करायला लागली.

परीक्षेला बाहेरून सुपरवायझर आल्या होत्या. पेपर सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी त्या घाबऱ्याघुबऱ्या नाकाडे सरांकडे आल्या. "सर, पूर्ण बॅच मान हलवून राह्यली. एकाच वेळी! काहीतरी पुटपुटून राह्यले. कॉपी चालू आहे का?"

सरांनी दारातून डोकावलं. बावीस पोरं, बावीस माना, एकच ठेका.

"नाही मॅडम," सर म्हणाले, "पाठांतर आहे."

सगळे पास! पण जमीलला त्याचंही सुख नाही. त्यानं पोरांना एकेकाला धरून विचारलं. कॅसेट कोणी पूर्ण ऐकली नव्हती. सिलॅबस ‘ए’ साईडलाच संपत होता.

* * *

नागपूरच्या एका कॅसेट कंपनीच्या माणसाला कुठून तरी कॅसेट मिळाली आणि त्यानं जमीलला बोलावलं. आम्ही दोघं सकाळच्या एसटीनं गेलो. जमीलनं इस्त्रीचा शर्ट घातला होता, मी बूट.

तो माणूस गोड बोलला. "आवाज मस्त आहे. स्पीड मस्त आहे. फक्त कॉम्प्युटर काढा आणि पोरगी टाका."

जमील म्हणाला, "प्रेमाचं एक हाय माझ्याकडं." मी उडालोच! त्यानं सुरू केलं. एक मोडेम, म्हणजे कॉम्प्युटर फोनला जोडणारी डबी, चिमूरमध्ये, एक अमेरिकेत. दोघं फोनच्या लाइनवर एकमेकांना हाका मारतात, किंचाळतात, कट होतात, पुन्हा लावतात. मोडेमचा तो कर्कश आवाज जमील तोंडानं काढायचा. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, आणि मी ते गाणं दहा वेळा ऐकलेलं होतं.

मोडेम जुळायच्या आधीच त्या माणसाचा मोबाईल वाजला. "एक मिनिट," म्हणून तो बाहेर गेला.

आम्ही तीन तास बसलो. मग शिपायानं सांगितलं, साहेब मागच्या दारानं केव्हाच घरी गेले.

मी एसटीच्या चौकशीला गेलो. परत आलो तर जमील गेटवर वॉचमनला उरलेलं अर्धं ऐकवत होता! मी विचारलं, "आयकलं का त्यानं?"

"अर्ध्यातलं अर्धं. त्याची ड्युटी संपली."

त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, खरं सांगतो. बसमध्ये मी त्याला म्हटलं, "जमील, सोड. पोरं चांगली शिकवतो तू. कायले जीव जाळतो?"

तो खिडकीतून तोंड न वळवता म्हणाला, "एंड लिहिलेला हाय, गजूभाऊ. फक्त पोचाचं हाय."

उमरेड गेलं, भिसी गेलं, चिमूर आलं. मी पुन्हा कधी सोड म्हटलं नाही.

* * *

आता शेवटचा.

कुरखेड्याकडच्या एका लहान गावातल्या शाळेला कोणीतरी कॉम्प्युटर दान दिला. तिथले गुरुजी नाकाडे सरांचे मेहुणे. सरांनी मशीन लावून द्यायला मला आणि जमीलला पाठवलं. धानाच्या रोवणीचे दिवस. पोचलो तेव्हा दुपार सरत आली होती. शाळेच्या व्हरांड्यात टेबल, टेबलावर धुतलेली चादर. आम्ही मशीन ठेवलं, जोडलं. एका आजीनं, पारबताबाई तिचं नाव, मॉनिटरला हळद-कुंकू लावलं, नारळ फुटला. वीस-पंचवीस म्हातारी माणसं आणि पोरं चटईवर बसली. गुरुजींनी बटन दाबलं.

काहीच नाही. विजेची लाईनच नव्हती. दोन दिवसांपासून नव्हती, आणि आज येईल अशा आशेवर गुरुजींनी गाव जमवलं होतं.

गुरुजींचं तोंड एवढंसं झालं. "आता लोकांले काय दाखवू?"

जमील पुढं झाला. "मी सांगतो, मशीन चालू कशी होते."

मशीन ज्यात आलं होतं तो खोका मी पालथा घातला आणि त्याच्यावर ठेका धरला. जमीलनं सुरू केलं.

"बटन दाबलं, पंखा फिरला,
हिरवा दिवा डोळ्यात शिरला.
मोजून राह्यली मशीन आठवण,
किती हाय जागा, किती साठवण..."

पाच-सहा ओळी झाल्या असतील, तर शेतावरून बाया आल्या. गुडघ्यापर्यंत चिखल. व्हरांड्याच्या कडेला बसल्या. पारबताबाईनं हात वर केला.

"थांब रे बाबू. ह्या बाया आता आल्या. यायले पहिलेपासून सांग."

जमील म्हणाला, "आजी, थोडंच राह्यलं. मी मधात थांबत नाई."

"आमच्या गावात मधातून कोणाले आयकवत नाई," आजी म्हणाली. "गोष्ट हो का गाणं. जो आला, त्याच्यासाठी पहिलेपासून."

जमीलनं माझ्याकडे पाहिलं. आता हा उठून चालायला लागतो, मला वाटलं. त्यानं घसा साफ केला आणि पहिल्या ओळीपासून सुरू केलं.

बाया झाल्या, तर गायकी, म्हणजे गुराखी, ढोरं घेऊन आला. पहिलेपासून! गायकी बसला, तर पलीकडच्या टोल्यावरची, वस्तीवरची पोरं धावत आली. पहिलेपासून! मग सायकलवरून ग्रामसेवक. तो बिचारा म्हणाला, "चालू द्या, चालू द्या." पारबताबाई म्हणाली, "तुमी बसा साहेब." पहिलेपासून!

माझी बोटं सुजली. जमीलचा आवाज बसत चालला. दर वेळी गाणं थोडं पुढं जायचं आणि थांबायचं. एकदा तर शेवटची एकच ओळ राहिली होती, तेव्हा गुरुजींची बायको चहा घेऊन आली.

पुढच्या वेळी जमीलनं तोंड उघडलं आणि "बटन दाबलं" म्हणाला, तर "पंखा फिरला" मागून आलं. आधी पोरं. मग बाया. तिसऱ्या ओळीला म्हातारे. दिवसभर चिखलात वाकलेल्या बाया मान हलवून म्हणत होत्या, मोजून राह्यली मशीन आठवण! ग्रामसेवकसुद्धा. अख्खं गाव बोलत होतं.

"काळ्या पडद्यावर रेघ एक हाले..."

आणि गाव गप्प झालं. यापुढचं कोणी ऐकलंच नव्हतं.

सगळे जमीलकडे पाहत होते. जमील एकटा म्हणाला, बसलेल्या आवाजात,

"जागा झालो मी, आता सांग मले."

टाळी नाही, काही नाही. कोणी उठलं नाही. मी खोक्यावर हात तसेच ठेवून जमीलकडे पाहत होतो.

तेवढ्यात तलावाकडून सोमाजी आला. मासे धरायला गेला होता, खांद्यावर जाळं, जाळ्यातून पाणी गळत होतं. "काय चालू हाय इथी?" त्यानं विचारलं.

जमीलनं घसा साफ केला.

"तू बस बाबू," पारबताबाई म्हणाली. "तू आयक."

आणि सगळं गाव सोमाजीकडे वळलं.

"बटन दाबलं, पंखा फिरला..."